पानिपतचे पांघरूण

मराठी माणसाच्या तोंडी पानिपत हा शब्द गावाचे नाव म्हणून फार क्वचित येतो. कोणाचा व्यापार बुडाला, कोणी निवडणुकीत सपशेल हरला, की आपण सहज म्हणून जातो, ‘त्याचे पानिपत झाले.’ पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द आपण असाच वापरीत आलो आहोत. त्यामुळे दिल्लीत नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी गृहस्थाला पहिल्या हिवाळ्यात एक चमत्कारिक अनुभव येतो. दिवाळी उलटते, पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो, घरून आणलेली सोलापुरी चादर अपुरी पडू लागते, आणि तो बाजारात पांघरूण घ्यायला जातो. दुकानदार घड्यांमागून घड्या उलगडतो आणि त्यातल्या एका कांबळ्यावर हात ठेवून अभिमानाने सांगतो, ‘हे खास पानिपतचे आहे, साहेब.’ मीही असाच एका दुकानात क्षणभर थबकलो होतो. ज्या नावाने आपल्याकडे कपाळावर आठी उमटते, तेच नाव इथे मालाच्या चांगुलपणाची ग्वाही म्हणून घेतले जात होते.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर असलेले हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, आणि अंथरुणा-पांघरुणाच्या धंद्याचे ते देशातले एक मोठे केंद्र आहे. सतरंज्या, चादरी, पलंगपोस, खेस, कांबळी असा सारा माल तिथून देशभर आणि परदेशी जातो. ज्या मातीवर आपले सैन्य थंडीने आणि उपासमारीने गांजले, त्याच मातीतून लाखो माणसांच्या अंगावर ऊब जाते. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु त्यामागे एक इतिहास आहे आणि तो जाणून घेण्याजोगा आहे.

इतिहासकारांनी तलवारीची, तोफांची आणि तख्तांची नोंद काळजीपूर्वक ठेवली. अंथरुणाची मात्र कोणी फारशी ठेवली नाही. वास्तविक माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. आपल्या भाषेला त्याची जाणीव आहे. गोधडी, वाकळ, घोंगडी, पासोडी, लेप, दुलई, रजई, चादर, जाजम, सतरंजी, आणि प्रवासाला निघताना बांधायची ती वळकटी! ऐपतीप्रमाणे वागण्याचा उपदेशही आपण अंथरूण पाहून पाय पसरण्याच्या भाषेतच केला. दासोपंतांसारख्या संतकवीला तर पांघरण्याची पासोडीच ग्रंथलेखनासाठी जवळची वाटली. सुमारे ४० फूट लांबीच्या जाड कापडावर त्यांनी लिहिलेले ‘पंचीकरण’ अंबाजोगाईत जपले गेले आहे.

दिल्लीच्या अंथरुणाची एक सुरेख नोंद मात्र सापडते, आणि ती एका परक्या माणसाने केलेली आहे. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात दिल्लीत होता. १६६३ साली स्वदेशी धाडलेल्या एका पत्रात तो लिहितो की, इथल्या चांगल्या घरात सबंध जमिनीवर चार बोटे जाडीची कापसाची गादी पसरलेली असते. उन्हाळ्यात तिच्यावर शुभ्र तलम कापड अंथरतात, आणि हिवाळ्यात रेशमी गालिचा. दिल्लीच्या हवेचे सगळे मर्म या एका वाक्यात आले आहे. इथला उन्हाळा अंगाला चटका देणारा आणि हिवाळा हाडांत शिरणारा. कोकणात एक चादर बारा महिने चालते. दिल्लीत ऋतू बदलला की अंथरूण बदलावे लागते. परंतु बर्निएने सांगितलेली गादी ही चांगल्या घरातली आहे. याच पत्रात तो गवती छपरांच्या असंख्य घरांचाही उल्लेख करतो. शिपाई, नोकरचाकर, छावणीमागून चालणारी माणसे अशा घरांत राहत, आणि दिल्लीची थंडी तीही काढीत.

हीच थंडी शंभर वर्षांनी आपल्या सैन्याच्या वाट्याला आली. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६०मध्ये मराठवाड्यातल्या परतूरहून निघाली, ती उन्हाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. आणि मग अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांची दक्षिणेची वाट रोखली. ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली. बरोबर बायका, मुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे असे न लढणारे लोक हजारोंनी होते. धान्य संपत आले, वैरण मिळेना, सरपणाची टंचाई झाली. त्यात पौष महिना. अफगाणांना अशी थंडी नवी नव्हती. ते तिच्याहून कडक हिवाळ्यांच्या मुलखातून आले होते. दख्खनच्या माणसाची घोंगडी दख्खनच्या हवेला पुरणारी. पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असा निश्चय करून ते सैन्य बाहेर पडले. पुढे काय झाले ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मात्र त्या अडीच महिन्यांच्या रात्री त्या माणसांनी कशा काढल्या असतील, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

त्या पराभवातून जे जिवंत निसटले, ते दक्षिणेकडे पळत सुटले. अशा वेळी भरतपूरचा राजा सूरजमल याने त्यांना आश्रय दिला. भाऊंशी त्याचे पटले नव्हते. मोहिमेतून तो आधीच बाजूला झाला होता. तरीही त्याने आणि राणी किशोरीने या निराश्रितांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी पुरविले. ऐन जानेवारीत, शत्रूच्या धास्तीने पळणाऱ्या माणसाच्या अंगावर वस्त्र घालणे म्हणजे त्याला जीवदान देणेच होय. भरतपूरही आज राजधानी क्षेत्राच्याच सीमेत येते. पानिपतची शोकगाथा आळवताना या पांघरुणाची आठवण आपण अधिक ठेवायला हवी.

यानंतर जवळजवळ १८७ वर्षांनी याच प्रदेशावर दुसरा एक निर्दय हिवाळा आला. १९४७च्या फाळणीने पंजाब दुभंगला. पश्चिम पंजाबातून हिंदू आणि शीख निर्वासितांचे लोंढे दिल्लीकडे येऊ लागले. एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत दोन लाखांहून अधिक माणसे गोळा झाली. पानिपतमध्ये तर उलट-सुलट प्रवाह एकमेकांना भिडले. हे शहर तोवर मुसलमान बहुसंख्येचे होते. सूफी संत बू अली शाह कलंदर यांचा दर्गा तिथे आहे. उर्दूचे थोर कवी हाली तिथेच १८३७ साली जन्मले. कांबळी विणणारे तिथले कारागीरही बहुतेक मुसलमानच होते. त्यांनी घरे सोडून जाऊ नये म्हणून गांधीजी १० नोव्हेंबर आणि २ डिसेंबर १९४७ असे दोनदा पानिपतला गेले. त्यांचे प्रयत्न फळाला आले नाहीत. ती कुटुंबे गेली, आणि त्यांच्याबरोबर गावातले कित्येक माग थांबले.

त्याच दिवसांत गांधीजींच्या दिल्लीतल्या प्रार्थनासभांमध्ये एक विषय पुनःपुन्हा निघत असे, आणि तो पांघरुणाचा होता. थंडी तोंडावर आली आहे, छावण्यांतली माणसे उघड्यावर आहेत, कांबळी द्या, रजया द्या, असे ते लोकांना विनवीत. पुरेशी कांबळी मिळणे अवघड, म्हणून त्यांनी रजईचा पुरस्कार केला, आणि त्यामागचा त्यांचा हिशेब एखाद्या जाणत्या गृहिणीला शोभेल असा होता. रजईची खोळ उसवून धुता येते, आतला कापूस हाताने मोकळा करून पुन्हा भरता येतो. म्हणजे जुनी रजई नव्यासारखी होते. रात्री दव पडते तेव्हा रजईवर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत म्हणजे ती भिजत नाही, हेही त्यांनी सांगितले. राजकारणाचा एवढा वणवा पेटलेला असताना हा माणूस कापूस पिंजण्याविषयी बोलत होता. १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, कुरुक्षेत्राच्या निर्वासितांशी बोलण्यासाठी ते दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात आले. त्या भेटीचे स्मरण म्हणून १२ नोव्हेंबर हा आज लोकप्रसारण दिन मानला जातो.

पानिपतचे थांबलेले माग पुन्हा सुरू केले ते अशाच निर्वासितांनी. झंग, मुलतान आणि त्या बाजूच्या इतर गावांतून आलेल्या कुटुंबांत विणकर होते, सुताचे व्यापारी होते. सोबत घर आणता आले नाही, जमीन आणता आली नाही. पण हातातली विद्या आणता आली. त्या विद्येचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे खेस. आपल्याकडे तो फारसा वापरात नाही, म्हणून त्याचे थोडे वर्णन करतो. खेस हे जाड सुती पांघरूण. त्याला ताण्याचे दोन संच आणि बाण्याचे दोन संच असतात. म्हणजे मागावर एकाच वेळी दोन पदर विणले जातात. जिथे नक्षी हवी तिथे वरचा पदर खाली आणि खालचा वर येतो. त्यामुळे दोन्ही पदर एकमेकांत घट्ट गुंततात, आणि एका बाजूला जे फूल पांढऱ्यावर निळे दिसते तेच दुसऱ्या बाजूला निळ्यावर पांढरे दिसते. खेसाला उलट-सुलट नाही. दोन पदरांत हवा कोंडून राहते म्हणून तो ऊब देतो, आणि निव्वळ सुताचा असल्यामुळे घरी धुता येतो. पंजाबच्या खेड्यांत बायका चरख्यावर सूत कातून विणकराकडे देत, आणि त्या खेसांची व सतरंज्यांची चवड मुलीच्या रुखवतात मांडली जाई. देश सोडून आलेल्या कित्येक घरांत आईने कातलेल्या सुताचा खेस एवढीच मागची खूण उरली होती.

पुढे पानिपतचा धंदा वाढला. पंजा या लोखंडी दातांच्या अवजाराने ठोकून विणलेल्या सतरंज्या, सैन्याच्या बराकींसाठी कांबळी, परदेशच्या बाजारासाठी पलंगपोस अशी कामे मिळत गेली. हातमागांच्या जागी यंत्रमाग आले. विणणारे हात आता पुष्कळसे उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून येतात. याच वाटचालीत शहराने आणखी एक धंदा आपलासा केला, आणि तो मोठा विलक्षण आहे. १८१३ साली इंग्लंडातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थाने जुन्या लोकरी चिंध्या फाडून त्यांचा पुन्हा धागा काढण्याची युक्ती शोधली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजीत त्या शब्दाला निकृष्ट असा अर्थ चिकटला. हा धंदा इंग्लंडात मावळत गेला आणि पानिपतला त्याने मूळ धरले. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले स्वेटर आणि कोट इथे येतात. बायका त्यांची बटणे आणि साखळ्या कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात; रंगांची निवड आधीच झाल्यामुळे पुन्हा रंगविण्याची फारशी गरज राहत नाही. मग यंत्रे त्यांच्या चिंध्या करतात, त्या पिंजून सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त कांबळी होतात. भूकंप, पूर, युद्ध अशा आपत्तींत जगभर मदत म्हणून वाटलेल्या कांबळ्यांत पानिपतच्या मालाचा मोठा वाटा राहिला आहे. अर्थात या कामाची दुसरी बाजूही आहे. पिंजताना उडणारे बारीक तंतू कामगारांच्या छातीत जातात, आणि स्वस्त कांबळ्याच्या किंमतीत त्यांच्या श्वासाचा हिशेब धरलेला नसतो. अलीकडे तर कृत्रिम तंतूंच्या मऊ, चकचकीत कांबळ्यांनी बाजार व्यापला आहे.

तेव्हा आपण घरासाठी अंथरूण-पांघरूण निवडावे कसे? इतिहासातून मला एक कसोटी हाती लागल्यासारखी वाटते, आणि ती गांधीजींच्या रजईचीच आहे: जे धुता येते, उसवता येते, पुन्हा नवे करता येते, ते घ्यावे. आपली गोधडी याच न्यायाने जन्मली. आजीचे लुगडे विरले की नातवाच्या अंगावर येई. युरोपातही जवसाच्या धाग्याच्या चादरी विरल्या की त्यांच्या पट्ट्या जखमांना बांधीत, आणि चिंध्यांचा कागद करीत. या चादरींची आठवण मुद्दाम काढतो, कारण ‘लिनन’ या नावाने त्या आज दिल्लीच्या आणि मुंबईच्या दुकानांत पुष्कळ दिसतात आणि त्या परक्या आहेत असा समज आहे. परंतु संस्कृतातले ‘क्षौम’ ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचा उल्लेख आहे. विदर्भातला शेतकरी आजही जवस पेरतो, मात्र तेलासाठी. तेलाच्या जवसाचे रोप बुटके आणि फांद्यांचे. धाग्याचे रोप उंच आणि सरळ. त्यामुळे आपल्या गिरण्यांना धाग्याचा जवस मुख्यतः फ्रान्स आणि बेल्जियम या देशांतून आणावा लागतो, आणि चादर महाग पडते.

उत्तरेच्या उन्हाळ्यात मात्र तिच्यासारखे सुख नाही. ती घाम चटकन टिपते, लवकर वाळते आणि हाताला गार लागते. घेताना ती उजेडासमोर धरावी. धागा थोडा कमीजास्त जाड दिसला तर बिचकू नये. तो या जातीचा स्वभावच आहे. मुठीत दाबली की तिला सुरकुती पडलीच पाहिजे; जिला पडत नाही तिच्यात बहुधा कृत्रिम धागा मिसळलेला असतो. पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून शोषला जावा. याहून खात्रीची परीक्षा धाग्याची. काठाचे एक-दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. कापूस आणि जवस कागदासारखे जळून मऊ राख होतात. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. विणीत किती धागे आहेत याचे मोठाले आकडे वेष्टणावर छापलेले असतात. त्यांपेक्षा ही परीक्षा अधिक बोलकी आहे.

निगा राखण्याच्या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून जागरूक होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्रत्येक वस्त्रासाठी वेगळा शोधक सांगितला आहे: रेशमाला आणि लोकरीला खारी माती, कांबळ्यांना रिठे, तलम अंशुपट्टांना बेलफळ आणि क्षौमाला पांढरी मोहरी. आज मोहरी वाटीत बसण्याचे कारण नाही, पण त्यामागचा विचार, म्हणजे धागा ओळखून धुणे, अजूनही खरा आहे. जवसाची नवी चादर वापरण्यापूर्वी एकदा साध्या पाण्यात धुवावी, कारण ती थोडी आटते. ओली असताना तिचा धागा अधिक बळकट असतो, म्हणून धुण्याला ती भिणारी नाही. पण तीव्र विरंजक तिला खातो. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. घडी दर वेळी त्याच रेषेवर घालू नये, नाहीतर धागा तिथेच तुटतो. दिल्लीच्या परिसरात पुष्कळ ठिकाणी पाणी जड आहे. साबणाचा अंश राहिला तर चादर कडक होते, म्हणून ती भरपूर पाण्यात खळबळावी. खेस आणि रंगीत सतरंजी सावलीत वाळवावी. खळ घातलेले सुती कापड तसेच ठेवून देऊ नये, कसर लागते. लोकरी कांबळे झटकून, उन्हे दाखवून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह बांधून ठेवावे. आणि रजईचा कापूस दोन-चार वर्षांनी पिंजून घ्यावा. आश्विन-कार्तिकात दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला कापूस पिंजणारे आजही बसतात. धनुकलीच्या जागी पुष्कळदा यंत्र आले आहे, एवढेच.

पानिपत गावाबाहेर काला आंब येथे त्या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तिथे जातात. हरियाणातल्या रोड समाजाचे लोकही येतात. त्यांच्यापैकी अनेक जण आपले मूळ त्या सैन्यातून मागे राहिलेल्या मराठ्यांत सांगतात. पहाटे तिथे दाट धुके असते, आणि स्तंभापुढे उभ्या राहिलेल्या माणसांनी अंगाभोवती शाली आणि कांबळी लपेटलेली असतात. ती कांबळी कुठली, हे विचारण्याची गरज नसते; मागे थोड्याच अंतरावर त्या गावाच्या गिरण्या चालू असतात.

‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेतून जाईल असे नाही, आणि तो जावा असेही मी म्हणणार नाही. झालेली हानी विसरून चालत नाही. परंतु ज्या गावाने १७६१ पाहिले, १९४७ पाहिले, ज्याचे विणकर एका बाजूने गेले आणि दुसऱ्या बाजूने आले, त्या गावाने दोन्ही हिवाळ्यांनंतर जगण्याचे सूत पुन्हा धरले, हेही आपण सांगत राहावे. दिल्लीच्या त्या दुकानातून मी अखेर एक खेस विकत घेतला. त्याला आता बरीच वर्षे झाली. तो पुष्कळदा धुतला गेला आहे, एका कोपऱ्यात रफूही केला आहे, आणि थंडीच्या दिवसांत घरी कोणी पाहुणा आला की पहिल्यांदा तोच काढला जातो.